जाईच्या खोलीचा टॅक्स

जाई चार वर्षांनी घरी येणार म्हणून शहाजी नलावड्यांनी आतल्या खोलीचा संडास बदलायचं ठरवलं. फक्त संडास. बाकी कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी सुमेधाबाईंना आणि सुमेधाबाईंनी त्यांना दोनदोनदा बजावलं होतं.

पण संडासाची जुनी लादी उकरली तर खालचा पाइप फुटका निघाला. पाइपासाठी भिंत फोडली तर पलीकडचं कपाट पाठीमागून वाळवीनं खाल्लेलं. कपाट काढल्यावर खोली इतकी भकास दिसायला लागली की रंग काढणं भागच पडलं, आणि रंगाऱ्यानं शिडीवरून, "साहेब, कॅनडात राहिलेल्या माणसाला हितं उकडणार," असं मत दिलं. रंगाऱ्याचा कॅनडाशी काही संबंध नव्हता. तरी एसी आला. एसीसाठी वायरिंग बदललं, वायरिंगसाठी ओला रंग पुन्हा खरवडला, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत त्या दहा बाय अकराच्या खोलीत सहा लाख रुपये जिरले.

घरात झोपायची खोली तेवढीच. पण नवी खोली वापरून जुनी होऊ नये म्हणून नवराबायको बाहेर हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायला लागले. शहाजीराव रोज संध्याकाळी आतल्या खोलीचं दार उघडत, दिवा लावत, उंबरठ्यावरूनच सगळीकडे एकदा पाहत, दिवा मालवत आणि दार लावून घेत. जाई डिसेंबरात येणार होती. म्हणजे दहा महिने होते.

उलव्यातल्या घराजवळच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली त्याच आठवड्यात जाईनं टोरांटोहून फोनवर शब्द दिला होता. "पुढच्या डिसेंबरात नक्की बाबा. दिल्लीला विमान बदललं की थेट तुमच्या दारात. रिक्षानं येईन घरी." आधीची तीन वर्षं व्हिसाच्या कागदांत गेली होती. शहाजीरावांना त्या सगळ्या बोलण्यातला 'रिक्षानं' हा शब्द फार आवडला. ते उलव्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "मुलगी रिक्षानं येणार आहे," आणि ऐकणाऱ्याला वाटे, जाई पनवेलला असते.

पैशाचं म्हणाल तर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला वडिलांनी घेऊन ठेवलेला एक प्लॉट होता. तो शहाजीराव आणि त्यांचे थोरले बंधू शिवराम यांनी नोव्हेंबरात विकला. वाट्याला अठरा लाख आले. साडेदहा लाखांत फ्लॅटचं उरलेलं कर्ज फिटलं, सहा खोलीत गेले आणि राहिलेले दीड सुमेधाबाईंच्या दातांत. दात सुंदर बसले. जाईला व्हिडिओ कॉलवर ते हसून दाखवण्यात आले.

जुलैत शहाजीराव बी विंगमधल्या मितेशकडे गेले ते रिफंड किती येईल हे विचारायला. मितेश सोसायटीतला तरुण सीए. दरवर्षी तो त्यांचा रिटर्न भरायचा, दोन-अडीच हजार परत यायचे आणि त्याचं घरी श्रीखंड व्हायचं. मितेशनं बँकेचं स्टेटमेंट पाहिलं आणि चष्मा काढला.

"काका, हे अठरा लाख कसले?"

"प्लॉटचे. गावाकडचा."

"प्लॉट विकला हे मला आधी नाही का सांगायचं?"

"सगळ्या सोसायटीला सांगितलं होतं. तुम्ही दोन पेढे खाल्लेत."

मितेशनं ते मान्य केलं. मग त्यानं कॅल्क्युलेटरवर बराच वेळ आकडेमोड केली आणि शेवटी कागदावर एक आकडा लिहून कागद फिरवला. एक लाख ब्याऐंशी हजार चारशे.

"इतका रिफंड?" शहाजीरावांनी विचारलं.

तो रिफंड नव्हता. प्लॉट विकून झालेल्या नफ्यावरचा कर होता. शहाजीरावांना तो आकडा कळला, कर कळला, पण 'नफा' काही केल्या कळेना. वडिलांचा प्लॉट गेला यात नफा कुठे झाला, असं त्यांनी विचारलं. कायद्यात ते असं लिहिलेलं नाही, एवढंच मितेश म्हणाला.

"नवं घर घेतलं असतं तर कर वाचला असता काका."

"घरावरच खर्च केला की. संडास, कपाट, एसी..."

"जुन्या घराच्या संडासावर सूट नसते."

शिवरामदादांनी त्यांच्या वाट्याचं साताऱ्यात घर घेतलं होतं. त्यांना एक रुपया कर बसला नव्हता. हे त्यांनी फोनवर तीनदा सांगितलं आणि वर म्हणाले, "तू सांगायचंस तरी. मी तुला घर दाखवलं असतं."

शहाजीरावांना पैशापेक्षा लाज जास्त छळत होती, आणि त्याला कारण होतं. जासईच्या कंटेनर यार्डात त्यांनी एकतीस वर्षं कस्टमच्या कागदांवर काम केलं होतं. परदेशातून माल मागवणारे भलेभले व्यापारी त्यांच्या टेबलासमोर उभे राहून ड्यूटी भरायला दोन दिवस मागायचे, आणि शहाजीराव मान वर न करता म्हणायचे, "पैसे नव्हते तर माल कशाला मागवला?" आता ते वाक्य रोज सकाळी दात घासताना त्यांना आठवायचं. त्यांनी माल मागवला होता. कमोड चांगल्या कंपनीचा होता.

दोन दिवसांत बातमी सोसायटीभर झाली. मितेशनं सांगितली नव्हती. शहाजीरावांनीच, आपल्याला काही विचारायचं नाही अशा आवाजात, तीन-चार जणांना विचारलं होतं, "समजा एखाद्याला टॅक्स वेळेवर भरता आला नाही, तर त्यानं काय करावं?" त्या एखाद्याचं नाव संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं.

सेक्रेटरी धनेश म्हणाला, रिटर्नच भरू नका, एवढ्या लोकांत तुम्हाला कोण शोधत येतंय. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद शोधून काढले त्या माणसाला हे ऐकून घाम फुटला. कुणी म्हणालं, क्रेडिट कार्डावर भरा. त्याचं व्याज विचारल्यावर सांगणारा जिना चढून निघून गेला. बँकेतल्या ठेवी मोडाव्यात, तर त्यांच्याच व्याजावर घर चालत होतं. राहिल्या सुमेधाबाईंच्या चार बांगड्या. त्या गहाण ठेवून कर्ज मिळालं असतं, तसा बँकेत जाऊन दरही विचारून झाला. सुमेधाबाईंनी बांगड्यांची डबी आणून टेबलावर ठेवली आणि समोर बसून भेंडी चिरायला घेतली.

"या जाईच्या आहेत," शहाजीराव म्हणाले.

"मी कुठं काय म्हणतेय?"

"तसं नाही. ठेवून दे."

डबी परत गेली. भेंडीची भाजी त्या दिवशी अळणी झाली आणि दोघांनीही ती तशीच खाल्ली.

मितेशनं मात्र त्यांना पुन्हा बोलावून शांतपणे समजावलं. पैसे नसले तरी रिटर्न मुदतीत भरायचाच. त्यानं उशिराचा दंड वाचतो. आज जमेल तेवढे भरायचे. बाकीच्याची मागणीची नोटीस येईल, तीस दिवस मिळतील. तेवढ्यातही जमलं नाही तर अधिकाऱ्यांकडे अर्ज करून हप्ते मागायचे. महिन्याला एक टक्का व्याज पडेल. "हप्ते मागणं हा गुन्हा नाही काका. कायद्यात सोय आहे."

"सोय आहे हो," शहाजीराव म्हणाले, "पण ती वापरणारी माणसं मी बघितली आहेत."

तरी त्यांनी एकतीस जुलैच्या दोन दिवस आधी रिटर्न भरला, खात्यातले वीस हजार काढून दिले आणि एक लाख बासष्ट हजार चारशे डोक्यावर घेऊन खाली देवजी घरतांच्या दुकानापुढे येऊन उभे राहिले.

देवजी घरत उलवे गावातले जुने रहिवासी. भातशेती होती तिथे आता शहाजीरावांचा टॉवर होता आणि तळमजल्यावरचे गाळे देवजींचे होते. त्यातल्या एकापुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून ते दिवसभर बसत.

"नलावडेसायेब, कंचा इचार करताव?"

"काही नाही. जरा कागदपत्रं आहेत."

"कागदं आमी लय बगली. जमिनी सरकारात गेल्या तवा घरान कागदांबिगर काय नव्हतं." देवजींनी आतून दुसरी खुर्ची ओढली. "पैसं पायजेत तं सांगा. व्याज नको, काय नको."

शहाजीरावांनी ताठ बसून नकार दिला. त्यांना तो देताना फार बरं वाटलं आणि दिल्यावर लगेच वाईट वाटलं.

"मंग ती आतली खोली रिकामीच हाय ना?" देवजी म्हणाले. "एअरपोर्टवर कामाला येनाऱ्या पोरींना जागा गावत नाय. द्या भाड्यान."

"ती खोली जाईची आहे."

"जाय कवा येनार?"

"डिसेंबरात."

"मंग डिसेंबरपातुर द्या. भिंती काय झिजनार हायत?"

अशा तऱ्हेनं ऑगस्टात जाईच्या खोलीत भाविका आली. धुळ्याची, तेवीस वर्षांची, विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा वजन करून घेण्याच्या काउंटरवर नोकरीला. जेवणासकट महिना चौदा हजार. शहाजीरावांनी तिला नियम सांगितले. कपाटाचे डावीकडचे दोन कप्पे तिचे, उजवीकडचा जाईचा, त्यात काही ठेवायचं नाही. एसीच्या रिमोटचं प्लॅस्टिक काढायचं नाही. एक डिसेंबरला खोली सोडायची. भाविकानं सगळ्याला मान डोलावली आणि पहिल्याच रात्रपाळीहून येऊन अशी गाढ झोपली की सुमेधाबाई दुपारी दोनदा दार ढकलून श्वास चालू आहे ना बघून आल्या.

पोरगी चांगली होती, हीच अडचण होती. वाईट असती तर शहाजीरावांना तिच्यावर रागावता आलं असतं. ती ताट स्वतः घासायची. कुकरची तिसरी शिट्टी झाली की आपणहून गॅस बंद करायची. सुमेधाबाईंनी पंधरा दिवसांत तिला डबा द्यायला सुरुवात केली आणि डब्यात जाईला आवडते तशी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर जायला लागली. शहाजीरावांच्या ते लक्षात आलं.

ते रोज भाविका आली की विचारत, "आज कुठली कुठली विमानं आली?" आधी तिनं काहीबाही सांगितलं. मग एक दिवस बूट काढता काढता म्हणाली, "काका, मी डिपार्चरला असते. मला येणारी माणसं दिसतच नाहीत. नुसती जाणारी दिसतात."

शहाजीराव बरं म्हणाले आणि पेपर उघडून बसले. त्यांनी पेपराचं पान बराच वेळ उलटलं नाही.

सप्टेंबरात मागणीची नोटीस आली. शहाजीरावांनी हप्त्यांचा अर्ज लिहिला. तो इतक्या विनयानं लिहिला की मितेशनं त्यातून 'आपला आज्ञाधारक' दोनदा खोडलं. अर्ज घेऊन ते वाशीच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी पॅन नंबर टाकला आणि म्हणाल्या, "तुमचं पॅन साताऱ्याला आहे."

"मी एकतीस वर्षं इथं राहतो."

"ते तुम्ही आम्हाला कळवलेलं नाही."

खरंच कळवलेलं नव्हतं. नोकरीला लागताना कोरेगावच्या पत्त्यावर पॅन काढलं, ते तसंच राहिलं. म्हणजे इतकी वर्षं शहाजीराव जासईला जात होते, उलव्यात भाजी आणत होते, आणि सरकारच्या लेखी ते कोरेगावातल्या घरात बसून होते. बाईंनी पत्ता ऑनलाइन बदलता येईल असं सांगितलं. पण पत्ता बदलेपर्यंत तीस दिवस संपले असते. शहाजीराव दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं साताऱ्याला गेले.

साताऱ्याचे अधिकारी वयानं लहान होते. त्यांनी अर्ज वाचला, बँकेचे कागद पाहिले, आठ हप्ते चालतील का विचारलं. शहाजीराव उभे राहून हो म्हणाले. अधिकारी बसा म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, "गावाकडं काही आहे का अजून?"

"नाही. प्लॉट होता, तोच विकला. त्याचाच हा कर."

"मग फाइल नवी मुंबईला पाठवून देऊ का? तुम्हाला इतक्या लांब यायला नको."

यात अवघड काही नव्हतं. तरी शहाजीरावांनी आधी समोरचे कागद पुन्हा एकदा नीट लावले. शेवटी ते म्हणाले, "पाठवा." परत येण्याआधी ते कोरेगावला जाऊन प्लॉट बघून आले. नव्या मालकानं तारेचं कुंपण घातलं होतं. ते कुंपणाबाहेर दहा मिनिटं उभे राहिले, शेजारच्या टपरीवर चहा प्यायले आणि बसमध्ये बसले. घरी आल्यावर सुमेधाबाईंना फक्त एवढंच सांगितलं, की वीस हजार तीनशेचा हप्ता पडला आहे, ऑक्टोबर ते मे.

मे हा शब्द बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मे डिसेंबरनंतर येतो.

चौदा हजार भाविकाचे, वर सहा-सात हजार घरातले काटकसरीचे. भाविका गेली तर हप्ता चुकणार. भाविका राहिली तर जाई कुठे राहणार? ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर आला, आणि शहाजीरावांची अशी स्थिती झाली की जाईच्या फोनची रिंग ऐकून ते लगबगीनं यायचे आणि फोन हातात घेऊन चार रिंगा नुसते उभे राहायचे. तारीख ती सांगत नव्हती. तारीख तेही विचारत नव्हते. एकदा तर, तिला या वर्षी नाही जमलं तर बरं, असा विचार त्यांच्या मनात स्पष्ट येऊन गेला. चार वर्षं ज्या मुलीची वाट पाहिली तिच्याबद्दल. ते उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी एकदा घालून झालं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी जाईचा व्हिडिओ कॉल आला. भाविका कामावर होती. सुमेधाबाई आत पोहे परतत होत्या. तब्येत, थंडी, आईचे दात एवढं झालं, आणि मग दोघंही एकाच वेळी बोलले.

"बाबा, ते डिसेंबरचं जरा..."

"जाई, डिसेंबरचं म्हणजे..."

दोघंही थांबले.

"तुम्ही बोला."

"नाही, तू बोल. तुझा फोन आहे."

"बाबा, बोला ना."

शहाजीरावांनी मान खाली घातली. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलासमोर उभी राहिलेली सगळी माणसं अशीच मान खाली घालायची. "तुझी खोली मी भाड्यानं दिली आहे," ते म्हणाले. "इन्कम टॅक्स भरायला पैसे नव्हते. प्लॉटचा. सरकारकडून हप्ते घेतलेत. दोन भरले, सहा राहिलेत. मेपर्यंत. मुलगी चांगली आहे, कपाटातला तुझा कप्पा तसाच ठेवला आहे."

जाई स्क्रीनवरून बाजूला कुठेतरी बघत होती. ती रडत असावी असं वाटून शहाजीरावांनी फोन जवळ धरला, त्यामुळे तिला फक्त त्यांचं कपाळ दिसायला लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "तिकडे व्याज किती लावतात?"

"महिन्याला एक टक्का."

"सरळ?"

"सरळ."

"बरं आहे मग. इकडे रोज लावतात. आणि व्याजावर व्याज."

"कुणाला?"

"मला."

मग तिनं सांगितलं. दीड वर्षापूर्वी तिची नोकरी गेली होती. घरी बोलली नव्हती. मिळेल ते काम कंत्राटावर घेत होती, कंत्राटात पगारातून कर कापत नाहीत हे तिला एप्रिलात कळलं, तोवर पैसे घरभाड्यात गेले होते. तिथल्या कर खात्याला फोन करून तिनं अठरा हप्ते बांधून घेतले होते. "फोन करायच्या आधी मी दोन दिवस जेवले नाही," ती म्हणाली. "तिकीट काढायचं होतं ना बाबा. खरंच काढायचं होतं. तुम्ही खोलीचे फोटो पाठवत होतात, आणि मला कसं सांगावं कळत नव्हतं."

शहाजीरावांना खूप काही बोलायचं होतं. तोंडून निघालं ते असं, "रिटर्न मुदतीत भरलास ना?"

"भरला."

"शाब्बास. ते महत्त्वाचं. पैसे नसले तरी रिटर्न मुदतीत भरायचा. दंड वाचतो."

"हो बाबा."

"आणि हप्ते मागणं हा गुन्हा नाही. कायद्यात सोय आहे."

"हो," जाई म्हणाली, आणि आता ती खरोखरच रडत होती.

सुमेधाबाई पोह्यांची ताटली हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे, पण बहुधा सगळंच. त्या येऊन नवऱ्याला खेटून बसल्या आणि फोन नीट धरला. मग तिघांनी एकमेकांना आपापले आकडे सांगितले. जाईनं डॉलर सांगितले, सुमेधाबाईंनी त्याचे रुपये केले. शहाजीरावांनी साताऱ्याचं सांगितलं, कुंपणाचंसुद्धा. पोहे गार झाले. चार वर्षांत इतका वेळ फोन चालला नव्हता. आतापर्यंतचे फोन 'सगळं छान' इथे सुरू होऊन 'काळजी घ्या' इथे संपायचे, त्याला दहा मिनिटं पुरत.

शेवटी सुमेधाबाई म्हणाल्या, "मेमध्ये यांचे हप्ते संपतील. त्यानंतर भाविकाचं भाडं बाजूला ठेवत गेले तर जून ते डिसेंबर सात महिने. अठ्ठ्याण्णव हजार. तुझं तिकीट होतं त्यात."

"आई, तुमचे पैसे..."

"तुझ्याच खोलीचे आहेत."

पुन्हा एक वर्ष. तिघांनीही ते मनात मोजलं.

"पण भाविका राहिली तर हिला झोपायला कुठं?" सुमेधाबाईंना एकदम सुचलं. "सहा लाखांची खोली, आणि पोरीला जागा नाही."

"मला खोली नकोय आई," जाई म्हणाली. "मी कधी मागितली होती? मी हॉलमध्ये झोपणार. तुमच्या दोघांच्या मध्ये."

शहाजीरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

"हॉलमध्ये डास फार आहेत," ते म्हणाले.